सेटवर 'ड्रेसताई' ही हाक का नाही?

मराठी सिरीयलच्या सेटवर एक दिवस नुसतं उभं राहून हाका ऐका. स्पॉटदादा चहा, लाईटदादा जरा बाजूला घ्या, मेकअपदादा टचअप, ड्रेसदादा पिन आणा पिन. ताई ही हाक एकाच खात्यात ऐकू येते, हेअरला, हेअरताई. आणि कॉस्च्युम डिझायनर बाई असेल तर ती ताई नसते, ती मॅडम असते. मी २०१३ पासून ह्या कामात आहे, आधी असिस्टंट म्हणून आणि आता स्वतःची कामं घेऊन, आणि एवढ्या वर्षांत 'ड्रेसताई' अशी हाक मी एकदाही ऐकलेली नाहीये. मला वाटतं आपल्या कपडेपटातला, म्हणजे वेशभूषेच्या खात्यातला, समानतेचा सगळा प्रश्न ह्या एका हाकेत आहे, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहितेय.

हा विषय काढला की लोकांचं पहिलं उत्तर ठरलेलं असतं, अहो कॉस्च्युम म्हणजे बायकांचंच खातं, तिथे कसली असमानता? आणि वरवर बघितलं तर खरंच आहे ते. भारताला पहिलं ऑस्कर मिळवून दिलं ते कुठल्या हिरोने नाही की डायरेक्टरने नाही, आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैया यांनी, माहेरच्या राजोपाध्ये, १९८३ साली 'गांधी'च्या वेशभूषेसाठी, जॉन मोलो यांच्या जोडीने. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेली चित्रकार बाई, पन्नासच्या दशकात सिनेमाच्या कपड्यात आली आणि पुढे पन्नास वर्षं काम केलं. त्यांच्यानंतर मोठी नावं घ्यायला गेलं तर त्यात बायका भरपूर आहेत. पण टायटलमध्ये नाव येणारी ती एक बाई आणि सेटवर सकाळी सातला पेट्या उघडणारी चार माणसं यांच्यामध्ये एक दरी आहे, आणि ती दरी कुणी मोजत नाही. वर मॅडम, खाली दादा. मॅडम खाली येत नाहीत आणि दादा वर जात नाहीत आणि ताईला दोन्हीकडे जागा नाही.

ज्यांना सेटचं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते ड्रेसदादा काय करतो ते. कॉलटाईमच्या, म्हणजे सगळ्यांनी सेटवर हजर व्हायच्या वेळेच्या, आधी तास-दीड तास येतो, आजच्या सीनचे कपडे काढतो, इस्त्री, स्टीमर, तुटलेलं हुक, उसवलेली शिवण, कंटिन्युइटीचे फोटो बघून कालच्या सीनमध्ये पदर कुठल्या खांद्यावर किती लांब होता ते जुळवतो, आर्टिस्टला कपडे नेऊन देतो, अंगावर बसवून देतो, दिवसभर उन्हात कॅमेऱ्यामागे कमरेला पिनांचा पाउच लावून उभा असतो, आणि पॅकअप झाल्यावर सगळे गाडीत बसले की हा घामाने भिजलेले ब्लाऊज मोजून धुवायला टाकत असतो. डिझायनरने कितीही सुंदर स्केच काढू दे, पडद्यावर तुम्हाला दिसतं ते ह्या माणसाच्या हाताखालून गेलेलं असतं. हे काम मी कमी लेखत नाहीये, उलट हे काम किती मोठं आहे ते माहीत आहे म्हणूनच विचारतेय की ह्यात बाई का नाही.

कारण ह्या कामाचा अर्धा भाग बायकांच्या अंगावरच्या कपड्यांचा आहे. एक प्रसंग सांगते. घोडबंदर रोडच्या एका सेटवर लग्नाचा सीक्वेन्स चालू होता, नायिका एकोणीस वर्षांची, पहिलीच सिरीयल, पाठीला दोऱ्या असलेला ब्लाऊज, आणि शॉटच्या आधी मागचं हुक निघालं. मी दुसऱ्या मजल्यावर सासूबाईंच्या शालूला फॉल लावत होते. ड्रेसदादा, वयाने तिच्या वडिलांपेक्षा मोठे, अतिशय सज्जन माणूस, त्यांनी मान पूर्ण उलट्या दिशेला वळवली आणि नुसत्या बोटांच्या अंदाजाने हुक लावलं, सुई बोटात घुसली, रक्त आलं, पण मान वळवली नाही. आणि ती मुलगी डोळे मिटून श्वास धरून उभी. मी खाली आले तेव्हा हे दृश्य माझ्यासमोर होतं आणि मला दोघांचंही इतकं वाईट वाटलं. चूक त्या दोघांपैकी कुणाचीच नव्हती. सेटवर एक बाई ड्रेसला असती तर एका मिनिटाचं काम होतं. मी त्या रात्री प्रॉडक्शनला सांगितलं की लेडीज आर्टिस्ट आठ आहेत, एक मुलगी ड्रेसला द्या, तर उत्तर आलं बजेटमध्ये एक्स्ट्रा माणूस बसत नाही. मी म्हटलं एक्स्ट्रा कशाला, आहेत त्या तीन जागांपैकी एक बाईला द्या. त्यावर ते नुसते हसले.

हे असं का झालं याचं मूळ जुनं आहे असं मला वाटतं. आपला कपडेपट नाटक कंपन्यांमधून आला, आणि कंपनी म्हणजे सगळा पुरुषांचा संसार होता, स्त्रीपार्टी पुरुष, त्याला शालू नेसवणारा पुरुष, तो शालू घडी करून पेटीत ठेवणाराही पुरुष. १९१३ साली फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीचं काम साळुंकेंनी केलं, कारण बाई मिळेना. त्याच वर्षी फाळक्यांच्याच पुढच्या सिनेमात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई कॅमेऱ्यासमोर आल्या, म्हणजे पडद्यावर बाई यायला वर्षभरही लागलं नाही. पण पडद्यामागच्या पेटीपाशी बाई यायला शंभर वर्षं कमी पडली.

आणि हे नुसतं सवयीने झालेलं नाही, नियमानेही झालंय. २०१४ सालची सुप्रीम कोर्टाची केस आठवते का? चारू खुराना या मेकअप आर्टिस्टची. मुंबईतल्या ज्या संघटनेने त्यांना मेकअपचं कार्ड, म्हणजे सदस्यत्व, नाकारलं तिच्या नावात 'सिने' नंतर लगेच 'कॉस्च्युम' हाच शब्द आहे, मग मेकअप आर्टिस्ट आणि हेअर ड्रेसर. तिच्या नियमातच होतं की मेकअप पुरुषांनी करायचा आणि बायकांनी फक्त हेअर. शिवाय महाराष्ट्रात पाच वर्षं राहिल्याची अटही होती. हे नियम कामगार संघटनांच्या रजिस्ट्रारकडे नोंदलेले होते, म्हणजे सरकारच्या नजरेखालून गेलेले होते. १० नोव्हेंबर २०१४ ला कोर्टाने दोन्ही अटी रद्द केल्या, संविधानाची समानतेची आणि रोजगाराच्या स्वातंत्र्याची कलमं दाखवून. मी तेव्हा नवीन होते, आमच्या मेकअप रूममध्ये त्या दिवशी दुसरा विषय नव्हता. एक हेअरताई, वीस वर्षं हेअर करणारी, आरशात बघत म्हणाली, मला मेकअप येतो गं, घरी सगळ्या नवऱ्या मीच सजवते, इथे ब्रश हातात घेतला की मात्र कुणीतरी कार्ड विचारायला येतं.

निकालामुळे फरक पडला, मेकअपला आता मुली दिसतात. पण कोर्टाने नियम काढला म्हणून हाक बदलत नाही. ड्रेसच्या बाबतीत तर असा स्पष्ट लिहिलेला नियम मी कधी बघितला नाही, तरी दार बंदच, आणि न लिहिलेल्या नियमाविरुद्ध कोर्टात काय नेणार? मोठ्या हिंदी प्रोजेक्टवर, ओटीटीवर आता ड्रेस असिस्टंट मुली असतात, तिथे कुणाला त्याचं आश्चर्य वाटत नाही. मग डेली सोपला काय अडचण आहे?

अडचणी सांगतात त्या मला तोंडपाठ आहेत. पेट्या जड असतात. मान्य, पण पेटी एकटा ड्रेसदादाही उचलत नाही, दोघं मिळून उचलतात, आणि नायगावच्या सेटवर पाण्याचे कॅन उचलणाऱ्या हाऊसकीपिंगच्या बायका मी रोज बघते, तेव्हा कुणाला त्यांची कंबर आठवत नाही. रात्रीची शिफ्ट. मग नायिका आणि हेअरताई रात्री कशा थांबतात? त्यांना गाडी देता ना, त्याच गाडीत अजून एक सीट. तिसरं कारण सगळ्यात खरं आहे आणि सगळ्यात कमी वेळा मोठ्याने बोललं जातं, की बायका आल्या तर आमच्या पोटावर पाय येईल. मेकअपच्या केसमध्येही संघटनेचा सूर हाच होता. ही भीती मी उडवून लावणार नाही. कोकणातून, उत्तर प्रदेशातून, बिहारमधून आलेली माणसं, महिन्यात वीस दिवस काम मिळालं तर भाग्य, वय पन्नास, दुसरं काही येत नाही, त्यांना उद्या कुणी म्हणालं की तुझ्या जागी मुलगी ठेवतो तर ते घाबरणारच. पण ह्याचं उत्तर दार लावून घेणं नाही. त्यांचाही वरचा रस्ता मोकळा करायला हवा, आणि हा मुद्दा बायकांच्या प्रश्नावर बोलणाऱ्या आमच्यासारख्या मॅडम लोकांकडून नेहमी सुटतो.

कारण ज्या ड्रेसदादाने पंचवीस वर्षं नऊवारी नेसवली, ज्याला नुसतं कापड बोटात धरून कळतं की हे लाईटखाली चमकणार, तो कधीही डिझायनर होत नाही. असिस्टंट डिझायनर म्हणून बावीस वर्षांची पोरगी येते फॅशन कॉलेजमधून, मीही तशीच आले, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांना हुकूम देते. तिला इंग्रजीत प्रेझेंटेशन करता येतं, मूडबोर्ड बनवता येतो, चॅनलच्या मीटिंगमध्ये बसता येतं. दादाला ते येत नाही. आणि ती पोरगी पहिलं वर्ष फुकट किंवा नुसत्या कन्व्हेयन्सवर काम करू शकते कारण घरून पैसे येतात. फुकट इंटर्नशिप ही आपल्याकडे सगळ्यात मोठी चाळणी आहे, तिच्यातून ठरावीक घरची, ठरावीक आडनावांची, ठरावीक शाळांतली मुलंच खाली पडतात, बाकीची जाळीवरच राहतात. शिंपीकाम ज्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या आहे, नामदेव शिंपी समाजातले, दर्जी समाजातले, मुसलमान जरीवाले, ज्यांच्या हातात खरी कला आहे, त्यांची मुलं डिझायनरच्या खुर्चीत मला तरी क्वचितच दिसली. कपडा शिवणारा एका जातीचा, धुणारा एका जातीचा आणि त्याखाली सही करणारा तिसऱ्याच वर्गाचा, हे चित्र गावात होतं तसंच्या तसं स्टुडिओत आलंय.

आणि मॅडमही फार सुखात आहेत असं समजू नका. बायकांचं काम म्हटलं की ते स्वस्त, हे जगभर आहे. अमेरिकेत कॉस्च्युम डिझायनर्समध्ये बहुसंख्य बायका आणि सेट डिझाइन करणाऱ्यांत पुरुष जास्त, आणि तिथल्या कॉस्च्युम डिझायनर्स गिल्डला समान वेतनासाठी मोहीम चालवावी लागली. तिथेही कॉस्च्युमचं ऑस्कर पहिल्यांदा कृष्णवर्णीय व्यक्तीला मिळायला २०१९ उजाडलं, रुथ कार्टर यांना. आपल्याकडे तर आर्टवाल्याला सेट पडला तर काय होईल म्हणून पैसे देतात, कपड्यांना मात्र 'अगं तुझ्याकडे असेलच काहीतरी, बघ ना' असं सांगतात. माझ्या स्वतःच्या आईच्या किती साड्या सिरीयलमध्ये गेल्या आणि परत आल्या नाहीत त्याचा हिशोब नाही.

आता डायव्हर्सिटी. हा शब्द ऐकला की लोकांना वाटतं हे काहीतरी उपकार करायचं प्रकरण आहे, दोन माणसं घ्यायची आणि फोटो काढायचा. मला हे कामाचं प्रकरण वाटतं. एका सिरीयलमध्ये घरकाम करणाऱ्या बाईचं कॅरेक्टर होतं. आम्ही काय केलं, विटलेली साडी, न जुळणारा ब्लाऊज, खांद्यावर एक ठिगळ, केस विस्कटलेले. ट्रायल झाली, सगळ्यांना आवडलं. आमच्याकडे तेव्हा एक नवीन मुलगा होता, टेलरच्या दुकानातून आलेला, असिस्टंटचाही असिस्टंट, तो दोन दिवस काही बोलला नाही आणि तिसऱ्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाला, मॅडम माझी आई चार घरची कामं करते, ती अशी नाही जात कामावर. मग सांगत बसला, आई सकाळी सिंथेटिक साडी नेसते कारण ती लोकलच्या गर्दीत चुरगळत नाही आणि रात्री धुतली की सकाळी वाळते, पदराला पिन खांद्यावर आणि दुसरी कमरेला, मंगळसूत्र ब्लाऊजच्या आत, छोटी पर्स कमरेला खोचलेली, केस चापून चोपून तेल लावून, आणि पायात चप्पल धुतलेली, कारण चप्पल मळकी असली तर शेठाणी दारातच थांबवते. मी ऐकत राहिले. आम्ही तीन सुशिक्षित बायकांनी मिळून एका कष्टाळू बाईला घाण दाखवलं होतं आणि ते आम्हाला वास्तववादी वाटत होतं. कॅरेक्टरचा लुक बदलला. त्या मुलाचं नाव क्रेडिटमध्ये आलं नाही, मी भांडले पण नाही आलं.

तेच नऊवारीचं. आता सगळीकडे शिवलेली नऊवारी येते, पायजम्यासारखी चढवायची, वेळ वाचतो, कबूल. पण त्या एका कटमध्ये सगळ्या बायका सारख्या झाल्या. कोळणीचं लुगडं आखूड, कमरेला आवळून, पाण्यात-चिखलात उतरता येईल असं, ब्राह्मणी नेसण पायघोळ ओच्याची, शेतात राबणाऱ्या बाईचा काष्टा वेगळा, गोव्याकडच्या कुणबी बाईची चौकड्याची साडी तर पूर्णच वेगळी, तिची गाठ खांद्यावर. हे पुस्तकात वाचून येत नाही, ज्याच्या आजीने तसं नेसलं होतं त्याच्या हातात असतं. कोळीवाड्यातली एक मुलगी टीममध्ये असेल तर कोळणीचा फॅन्सी ड्रेस होणार नाही. तृतीयपंथी कॅरेक्टर आलं की भडक साडी आणि मोठी टिकली, हे अजून किती वर्षं चालवायचं? त्या समाजातल्या किती जणांना शिवणकाम, ड्रेपिंग, दागिने करणं उत्तम येतं, २०१९ चा कायदा नोकरीत भेदभाव करू नका म्हणतो, मग त्यांना कॅमेऱ्यासमोर नमुना म्हणून उभं करण्याऐवजी कपडेपटात कामाला का नाही घेत?

बाकी साध्या गोष्टी आहेत, त्या साध्या आहेत म्हणूनच राग येतो. बाथरूम. मल्याळम इंडस्ट्रीवरचा हेमा समितीचा रिपोर्ट ऑगस्ट २०२४ मध्ये बाहेर आला, त्यात शोषणाच्या भयंकर गोष्टींबरोबर टॉयलेट नाही, कपडे बदलायला जागा नाही हेही होतं, आणि ते वाचताना मला आपल्याच आउटडोअरचे दिवस आठवले, साताऱ्याकडे शूटिंगला दिवसभर पाणी न पिता काढलेले. आर्टिस्टला व्हॅनिटी व्हॅन असते, आम्हाला नसते. दहा माणसं काम करत असतील तिथे लैंगिक छळाची तक्रार घेणारी समिती हवी हा कायदा २०१३ पासून आहे, सेटवर तर सहज शंभर माणसं असतात, पण समितीच्या लोकांची नावं भिंतीवर लावलेली मी मोजक्या ठिकाणी बघितली. लेखी कराराचं तर विचारूच नका, सिनेकामगारांसाठी तो १९८१ च्या कायद्यापासूनच सांगितलाय आणि आमच्यात अजूनही सगळं फोनवर, "ये ना, बघू आपण", आणि पेमेंट नव्वद दिवसांनी. रेट लिहिलेला नसला की बाईला कमी, नवीन माणसाला कमी, बाहेरगावच्याला कमी, आणि कुणाला किती कमी हे कुणालाच कळत नाही. माझ्या मते रेट उघड करणं ही पहिली मागणी असायला हवी, बाकी सगळ्याच्या आधी. तुम्ही कितीही समानतेची भाषणं द्या, कॉलशीटवर, म्हणजे त्या दिवशीच्या कामाच्या कागदावर, पदासमोर आकडा छापला की निम्मा भेदभाव त्या दिवशी उघडा पडेल.

दुसरी मागणी शिकण्याची. कोल्हापूरला चित्रनगरी आहे, गोरेगावला आहे, दोन्ही सरकारच्या. तिथे सहा महिन्यांचा कपडेपटाचा कोर्स मराठीत, पगारी, सुरू करायला काय हरकत आहे? गावातल्या शिलाईच्या क्लासमधल्या मुली येतील, ड्रेसदादाही येतील, दादांना त्यात स्केच आणि बजेट शिकवा आणि मुलींना कंटिन्युइटी शिकवा, आणि शिकवायला मॅडमसोबत तेच जुने ड्रेसदादा बसू देत, मानधन घेऊन. म्हणजे बायका आल्या तर माझं काय, ह्या प्रश्नाला त्यांच्याकडे एक खरं उत्तर असेल. तिसरी, क्रेडिट, डेली सोपमध्ये रोज जमत नाही म्हणतात, ठीक आहे, आठवड्यातून एक दिवस चालवा सगळ्यांची नावं, शिवणाऱ्यांसकट.

नायगावला आमच्या सेटजवळ एक टेलर ताई आहे, चाळीस-बेचाळीसची, नवरा रिक्षा चालवतो. एका डोहाळजेवणाच्या सीक्वेन्सला तिने एका रात्रीत चौदा ब्लाऊज शिवून दिले होते, सगळे मापाला परफेक्ट. तेव्हापासून ती मला विचारत होती सेटवर घ्या, कायमचं. दोनदा नकार मिळाला, एकदा तर "लेडीज ड्रेसमन नसते" असं थेट तोंडावर. गेल्या दिवाळीनंतरच्या शेड्यूलला मी माझ्या कराराच्या कागदावर तिची जागा आधीच लिहून घेतली आणि मगच सही केली. आता ती येते, सकाळी पावणेसातला, डबा घेऊन, पिनांचा पाउच तिने स्वतः शिवलाय. आमचे जुने ड्रेसदादा पहिला आठवडा तिच्याशी बोलले नाहीत, आता तिच्याकडून रफू शिकतात आणि तिला कंटिन्युइटीचे फोटो कसे लावायचे ते दाखवतात. मुली तिला टेलरताई म्हणतात. कॉलशीटवर तिच्या नावापुढे अजून 'ड्रेसमन' छापून येतं, ते बदला म्हणून मी तीन वेळा मेसेज केलाय, उद्या चौथ्यांदा करणार आहे.